मंद्रूपच्या उन्हातली चौथी नोंद

गुंतकलला गाडी बदलून मी सोलापूरला उतरलो, तेव्हा सकाळीच फलाटाची फरशी चपलांतून भाजत होती. अंतराळात जाणाऱ्या माणसाच्या शरीराचं काय होतं, हे डॉक्टरांना शिकवणारा अवकाशवैद्यकाचा अभ्यासक्रम मी तेव्हा बेंगळूरला करत होतो. बंद यानात उष्णता वाढली तर माणूस किती वेळ तग धरेल, हा माझ्या प्रबंधाचा विषय. सर म्हणाले होते, "मे महिन्यात सोलापूरला जा. उन्हात राबणारी माणसं तिथं मिळतील."

स्थानकाबाहेर कडक भाकरी नि शेंगाची चटणी खाल्ली आणि भाड्याच्या जीपनं मंद्रूपकडे निघालो. दोन्ही बाजूंना नुसती बरड (मुरमाड, नापीक जमीन). एका बाभळीखाली मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी होती.

मंद्रूपच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. तिथं खडी फोडताना बिरप्पा धनगर भेटला. चाळिशीचा, शिडशिडीत. पाऊस नाही म्हणून मेंढरं विकून तो बायकोला, मल्लव्वाला घेऊन या कामावर आला होता. छातीला तारा लावायच्या म्हणताच त्यानं सदरा काढला.

"तपासा की. लई दिस झालं, छातीत धडधडतंय."

मी ऐकलं आणि नाडी मोजू लागलो.

त्यानं उन्हात खडी फोडत राहायचं, मी दर अर्ध्या तासाला ताप आणि नाडी लिहायची, चौथी नोंद होईपर्यंत त्याला पाणी द्यायचं नाही, असा प्रयोगाचा नियम होता. तिसऱ्या नोंदीला ताप एकशेतीनच्या वर गेला. मल्लव्वा तांब्या घेऊन आली.

"डाक्टर, पानी पाजू का?"

"एकच नोंद राहिलीय. अर्धा तास."

"थांब गं," बिरप्पा तिला म्हणाला, "त्यास्नी कळतंय की."

वीस मिनिटांत तो खडीवर कोसळला. अंगाला घाम नव्हता, कातडी तव्यासारखी. अंगावर पाणी ओतून त्याला जीपमध्ये घातलं. माझ्या पेटीत मोजायची सगळी साधनं होती, सलाइनची एक बाटली नव्हती. वाटेतच नाडी थांबली. इस्पितळाच्या दारापर्यंत मी त्याची छाती दाबत राहिलो.

संध्याकाळी मल्लव्वा इस्पितळाच्या पायरीवर बसली होती.

"त्यांचा आजार काय निगाला, डाक्टर?"

मी उपचार करायलाच आलो होतो, असं ती धरून चालली होती. "ऊन लागलं," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"तुमी व्हता म्हनून तरी बरं. न्हायतर आमास्नी कोन बगतंय?"

परतीचा प्रवास मला आठवत नाही. अहवालात मी लिहिलं, वेळेवर पाणी दिलं असतं तर हा माणूस वाचला असता. सरांनी ते वाक्य खोडलं. "प्रयोग अपुरा राहिला, असं लिहा." मी तसं लिहिलं, सही केली आणि यथावकाश तज्ज्ञ झालो.

एकदा मल्लव्वाला पत्र लिहिलं, सगळं खरंखरं. पण तिला वाचता येत नव्हतं. ते वाचून दाखवायला तिला गावातल्या कुणाला तरी बोलवावं लागलं असतं, आणि मग मी काय केलं ते सगळ्या गावाला कळलं असतं. त्या भीतीनं मी ते टपालात टाकलं नाही.