कपाटामागची भिंत

तिला सगळे चावीवाली म्हणत. पर्समध्ये पंचवीस-तीस परक्या घरांच्या चाव्या असायच्या आणि कुठली कोणाची हे तिला न बघता, हातानंच कळायचं. घरं दाखवायच्या धंद्यात तिची अठरा वर्षं गेली होती. पहिल्याच वर्षी ती एका जोडप्याला "भिंती मजबूत आहेत, बिनधास्त घ्या" असं सांगून बसली, आणि सहा महिन्यांत त्यांच्या स्वयंपाकघराचं छत गळायला लागलं. तेव्हा तिने कानाला खडा लावला. त्यानंतर विचारेल त्याला एकच उत्तर: "भिंतीचं इंजिनिअरला विचारा, कागदाचं वकिलाला. मी फक्त दार उघडते."

दोन वर्षांपूर्वी धाकटा दीर ऑफिसात येऊन बसला आणि तिच्या डोक्याला कायमचा ताप झाला. या गृहस्थाला सगळंच येत होतं. तोच वकील, तोच इंजिनिअर, वेळ पडली तर नवराबायकोचं भांडण मिटवणारा पंचही तोच. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात टाकून तो "मी आहे ना" म्हणाला, की तिला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. पण घरातला माणूस. सासूबाईंशी वाकडं कोण घेणार? ती मूग गिळून बसायची.

एके दिवशी एक रिटायर्ड नर्सबाई दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला आल्या. नवऱ्याला दमा होता, म्हणून कोरडी, उजेडाची जागा हवी होती. राहतं घर विकून झालं होतं, महिनाभरात ते सोडायचं होतं. गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी जाऊन खिडक्या उघडायच्या, नळ सोडून गढूळ पाणी काढून टाकायचं, ही ऑफिसची रीत. त्या दिवशी ते काम दिराने आपणहून मागून घेतलं होतं.

चावीवाली नर्सबाईंना घेऊन जिना चढून आत शिरली आणि रूम फ्रेशनरचा गोडगिट्ट वास तिच्या नाकात घुसला. बेडरूममधलं लोखंडी कपाट काल खिडकीपाशी होतं, ते आज कोपऱ्यात उभं होतं. फरशीवर ओढल्याचे दोन ताजे ओरखडे. त्या कोपऱ्यात माणसाच्या उंचीएवढी काळी बुरशी होती, ती तिने कालच पाहिली होती.

"एखादा इंजिनिअर आणून दाखवू का?" नर्सबाईंनी विचारलं.

"कशाला उगाच, मावशी?" दीर म्हणाला. "मी बघितलंय ना सगळं. माझ्या आईसाठी घेतलं असतं तर हेच घेतलं असतं."

त्याची आई, म्हणजे तिची सासू, गुडघेदुखीने जिना चढत नव्हती. निर्लज्जपणाला काही सीमा?

नर्सबाई तिच्याकडे वळल्या. "तुमचं काय मत?"

"भिंतीचं इंजिनिअरला विचारा," ती म्हणाली.

नर्सबाई दिराकडे बोट दाखवून हसल्या. "हे मला आधीच म्हणाले होते, 'वहिनी ते सगळ्यांनाच म्हणतात, मनावर घेऊ नका.'"

दीरही हसला. अठरा वर्षं जपलेलं वाक्य या माणसाने चक्क खिशात घातलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने पर्स खाली ठेवली, कपाटाला खांदा लावला आणि रेटलं.

"वहिनी, अहो, काय करताय?"

"मला भिंतीतलं काही कळत नाही," ती नर्सबाईंना म्हणाली. "पण हे कपाट काल इथे नव्हतं, एवढं मला माहीत आहे."

कपाट सरकलं. कुबट वास खोलीभर पसरला. नर्सबाईंनी मागच्या काळ्या बुरशीला बोट लावून बघितलं, रुमालाला पुसलं. दीर मोबाईल कानाला लावून बाहेर सटकला. फोन वाजलाही नव्हता.

"काल बघितली होतीत तुम्ही ही?" नर्सबाईंनी शांतपणे विचारलं.

"हो."

"मग मला जिन्यातच का नाही सांगितलंत?"

चावीवालीने तोंड उघडलं. सवयीने तेच ठरलेलं वाक्य जिभेवर आलं, आणि आतापर्यंत दिराची येत होती तीच शिसारी तिला स्वतःची आली.