खालच्या दोन पायऱ्या

फुकट मिळालेल्या वस्तूला माझ्या मामेसासऱ्यांइतका घाबरणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत झाला नसेल. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. शेजारून वाटीभर सांदणं आली तर ते आवडीने खायचे, पण ती वाटी घरात असेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. वाटी रिकामी परत द्यायची नाही ही रीत सगळेच पाळतात. चिमूटभर साखर घालतात नि मोकळे होतात. मामांना साखर चालत नसे. ती दुकानातली, त्यात आपलं काय, असं त्यांचं म्हणणं. एकदा काहीच सुचेना, तेव्हा त्यांनी शेजारणीची विळीच मागून आणली, तिला अशी धार लावली की केसाचे दोन भाग व्हावेत, आणि वाटी नि विळी दोन्ही पोचवून आले. त्या दिवसापासून ती बाई ह्यांच्याकडे काही पाठवताना दोनदा विचार करायची.

मामांचं सारं आयुष्य मिरजोळ्याच्या एका कारखान्यात लेथ चालवण्यात गेलं. निवृत्त होताना त्यांनी तिथल्या भंगारातला एक कंप्युटर मागून घेतला आणि बदल्यात कारखान्याचं गेट फुकट दुरुस्त करून दिलं. त्या कंप्युटरला झाकण कधीच नव्हतं. पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून ते त्याच्या पोटात चाळीसचा बल्ब लावून ठेवायचे, त्यामुळे तिन्हीसांजेला तो कोपऱ्यात मखरासारखा उजळलेला दिसे. मामी दिवा लावायला यायच्या, तेव्हा नकळत त्यालाही हात जोडायच्या. अशात एका मासिकाबरोबर मामांना एक सीडी मिळाली. तिच्यावर मुक्त सॉफ्टवेअर होतं: वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, कुणी विचारणार नाही. मामांनी आठ दिवस ते हरखून वापरलं आणि नवव्या दिवशी उतरल्या चेहऱ्याने माझ्याकडे आले.

"जावई, हे आहे कुणाचं?"

"सगळ्यांचं," मी म्हटलं.

"मग परत द्यायचं कुणाकडे?"

पुढे पाच-सहा वर्षं ते हाच प्रश्न घेऊन बसले होते. मामी म्हणायच्या, "ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही हो. म्हणतात, एवढं खाल्लं कुणाचं तेच ठाऊक नाही."

मग घरात ब्रॉडबँड आलं, आणि एक दिवस मामांना पत्ता सापडला. इंटरनेटवर दोन दिवसांची हॅकेथॉन नावाची स्पर्धा होती. जगभरच्या हौशी लोकांनी शनिवार-रविवार आपापल्या घरी बसून, एकमेकांशी टाईप करून बोलत, मुक्त सॉफ्टवेअरमध्ये भर घालायची. त्यातला एक प्रोग्राम भरती-ओहोटी सांगणारा होता. त्यात आमची भाट्याची खाडी नव्हती. सरकारी पुस्तकातले आकडे उचलायला बंदी होती, कारण ते मालकीचे. स्वतः मोजलेलं हवं. मामा खुर्चीत मागे रेलले आणि कितीतरी वेळ छताकडे बघत हसत राहिले. निवृत्तीपासून ते रोज खाडीच्या जुन्या धक्क्यावर जाऊन पाणी बघत होते. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पाण्याकडे बघताना हा बडबड्या माणूस गप्प होऊन जायचा, आणि घरी आला की वहीत एक ओळ लिहायचा. अशा नऊ वह्या होत्या.

शनिवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मामा कंप्युटरसमोर बसले. मी शेजारी, इंग्रजी लिहायला. हा प्रोग्राम सांभाळणारी एक पोर्तुगीज बाई होती. तिने स्वागत केलं. मामा म्हणाले, "आधी विचारा, जेवण झालं का." मी म्हटलं, मामा, तिकडे अजून उजाडलेलं नाही. "मग चहा झाला का विचारा." विचारलं. बाईला गंमत वाटली असावी. मग ब्राझीलचा कुणी एक जण आपण काय खाल्लं ते सांगू लागला, आणि अर्धा तास जगातले लोक मामांना आपापलं खाणंपिणं कळवत होते. दुपारी आमच्या वह्यांची पहिली पानं गेली, आणि बाईचा साधा प्रश्न आला: पायरी म्हणजे किती सेंटिमीटर?

लेथवर केसभर फरक सहन न करणाऱ्या मामांनी नऊ वर्षं पाणी पायरीत मोजलं होतं. 'आज सातवी बुडाली', 'आज बारावी'. खाडीवरचे सगळे तसंच बोलतात, त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. पण जांभ्याच्या पायऱ्या त्या. एक वीतभर तर दुसरी झिजून चार बोटं. तेवढ्यात भारनियमनाच्या ठरल्या वेळी वीज गेली. आम्ही टेप घेऊन धक्क्यावर धावलो. चौदाव्या पायरीपासून खाली तिसरीपर्यंत मोजत आलो, आणि पुढे पाणी. अष्टमीचे दिवस, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. खालच्या दोन पायऱ्या उघड्या पडायला अमावस्येची ओहोटी हवी. मामांनी गढूळ पाण्यात पाय घातला, तो शेवाळावरून सरकला आणि दगडाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी कापला. मी त्यांना मागे ओढलं.

रविवारी शेवटच्या तासाला मी म्हणालो, "मामा, दोन आकडे अंदाजाने टाकू. कोण येतंय इथे मोजायला?"

"ह्या आकड्यावर विसंबून कुणी होडी घातली तर?" ते म्हणाले. "आपण दिलेलं खोटं निघायला नको, जावई. लिहा, दोन पायऱ्या बाकी."

तसंच पाठवलं. निकालाच्या यादीत आमची खाडी नव्हती. अर्धवट म्हणून बाजूला ठेवली होती. मामा रागावले असते तर बरं झालं असतं. ते "बरोबर आहे" म्हणाले आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं, कारण त्यांना मागे ओढणारा मीच होतो.

अमावस्येला संध्याकाळी पाचच्या सुमाराला पाणी पार खाली गेलं. सत्तरीला टेकलेले मामा पट्टी बांधलेल्या पायाने त्या दोन पायऱ्या उतरले. टेपचं दुसरं टोक मी धरलं. आकडे पाठवले, खाली उशिराबद्दल माफी मागितली. बाईने लिहिलं, स्पर्धा संपली आहे, प्रोग्राम संपलेला नाही. पुढच्या आवृत्तीत खाडी आली. मामांनी तीन वेळा वाचायला लावलं आणि मामींना म्हणाले, "पोचलं हो." त्या दिवशी ते दुपारी गाढ झोपले.

वर्षभराने, प्रोग्रामात दिलेल्या पत्त्यावर, त्यांना ईमेलने एक पत्र आलं. आखातात जहाजावर असलेला, खाडीवरचाच एक मुसलमान तरुण. त्याने लिहिलं होतं, "काका, सलाम. आमचं घर त्याच धक्क्याला लागून. दुपारी सुट्टीत तुमची खाडी उघडून बघतो. कामाचं काय नाय. आता आईच्या दारात पाणी आलं असेल, तेवढं समजतं."

मामा उठले. टोपी घातली आणि धक्क्यावर गेले. परत येऊन एका बोटाने, मला हात लावू न देता, त्यांनी उत्तर टाईप केलं: "अकरावी पायरी बुडाली आहे. आकडा बरोबर आहे. तुमच्या आई दारात सुकट वाळवत आहेत. गुडघा दुखतो, बाकी बऱ्या आहेत. केव्हा येणार, विचारत होत्या."

त्यानंतर दर शुक्रवारी असं पत्र जात राहिलं. शेवटी नजर गेली तरी मामा माझा हात धरून धक्क्यावर यायचे. पायरी मी सांगायचो, म्हातारीशी ते बोलायचे.

आता मामा नाहीत. शुक्रवारी मी जातो. पायरीचा आकडा अजून बरोबर येतो, आणि घरी परतताना दर वेळी वाटतं, हे मामांना सांगायला हवं.