दुसरा श्वास

“थांब की जरा. मेलेल्या माणसाला आधी बोलू दे.”

हे वाक्य मी हेडफोनमधून ऐकलं. चामराजपेटेत लग्नपत्रिकांच्या छापखान्यावर आमचा डबिंग स्टुडिओ आहे. रेकॉर्डिंगच्या टेबलावरचा तो माझा पहिला दिवस होता. काचेपलीकडच्या बूथमध्ये साठीला टेकलेल्या, सुती साडीतल्या एक बाई आमच्या पुण्याच्या डायरेक्टरला दटावत होत्या. मग त्या माइककडे वळल्या, आणि त्यांच्या तोंडून सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज आला. बूथमध्ये आणखी कुणी आहे का, ते मी वाकून पाहिलं.

कुणी नव्हतं. त्या अक्का होत्या. मूळच्या निपाणीच्या, राहायला येलहंक्याला. अंतराळात घडणाऱ्या एका जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या नायिकेला, हिनाएला, त्या मराठी आवाज देत होत्या. हिनाए एका लहानशा यानावरची परिचारिका. भरकटलेल्या यानांतून मदतीच्या हाका येत राहतात. यानं शेदोनशे वर्षांपूर्वीच थंड पडलेली असतात, हाक तेवढी फिरत असते. सोबतचे लोक म्हणतात, चला पुढे. हिनाए थांबते आणि प्रत्येक हाकेला एकच उत्तर देते, “मी ऐकतेय. बोला.”

ते उत्तर देण्याआधी अक्का ती हाक तीनदा पूर्ण ऐकायच्या. डायरेक्टरला घाई असायची. अक्का, ते मेलेत, स्क्रिप्टमध्येच लिहिलंय, असं तो म्हणायचा. “मेलेत म्हणून काय मधेच तोडायचं व्हय त्यांना?” अक्का विचारायच्या आणि पुन्हा ऐकायच्या. हे फक्त माइकपुरतं नव्हतं. येलहंक्याच्या हवाई तळावरून लढाऊ विमान उडालं, की त्या हातातलं काम टाकून वर बघायच्या आणि “स्वल्प सावकाश रे बाबा” असं अर्ध्या कानडीत म्हणायच्या, रिक्षावाल्याला सांगावं तसं.

आमच्याकडे प्रत्येक सेशनच्या शेवटी तीस सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करतात. त्याला रूम टोन म्हणतात. संवाद जोडताना मधल्या फटी त्यानं बुजवायच्या. त्या अर्ध्या मिनिटात कुणी हलायचं नाही. मी काचेच्या अलीकडे असूनही श्वास रोखून धरायचे, तशी सवयच लागली होती. बूथमध्ये अक्का एकट्याच असायच्या. बूथशी बोलायचा माझा माइक बंद असायचा. तरी घरी जाण्याआधी मी फाइल तपासायला आवाज वाढवला, की तिच्यात दोन श्वास ऐकू यायचे. एक अक्कांचा, थोडा घरघरणारा. दुसरा वर चढायचा, ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच नाहीसा व्हायचा.

अक्का बाहेर येऊन विचारायच्या, “आज कोण होतं गं?”

“एसी, अक्का.”

“तुझा एसी लई दमतोय बघ.”

याहून जास्त मी सहसा बोलत नसे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी फक्त आईशी बोलण्यापुरतं. चारचौघांत एखादा शब्द चुकेल म्हणून मी वाक्य मनात जुळवत बसायचे, तोवर विषय पुढे गेलेला असायचा. अक्कांनी हे पहिल्याच आठवड्यात हेरलं. “श्वास घेतीस आणि गिळतीस,” त्या म्हणाल्या. “इतके श्वास जातात कुठं तुझे?”

शेवटच्या भागात हिनाए यानात एकटी उरते आणि पहिल्यांदाच स्वतः हाक मारते. फार दुरून एका अनोळखी मुलीचा आवाज येतो, तिचंच उत्तर तिला परत देणारा. तेवढी एक ओळ कुणाला द्यायची, यावर अक्कांनी माझ्याकडे बोट दाखवलं. डायरेक्टर हसला. हिचा आवाज आपण अजून ऐकलेलाच नाही, म्हणाला. मी म्हणाले, नंतर करू.

“नंतर कधी? माझं मंगळवारी हाय,” अक्का म्हणाल्या.

मंगळवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. त्यात स्वरयंत्रच काढणार होते. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. अक्का बूथमध्ये गेल्या आणि “कुणी आहे का तिकडे?” ही हाक एकाच टेकमध्ये देऊन, रूम टोनसाठी तीस सेकंद उभ्या राहिल्या. त्या दिवशी बाहेर आल्यावर त्यांनी काहीच विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी दुपारी त्यांच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे शब्द नव्हते. गळ्याच्या छिद्रातून येणारा ओलसर, शिट्टीसारखा श्वास होता. दुसरं कुणीही काहीतरी बोललं असतं. मी कामाच्या सवयीनं वागले. शांतता रेकॉर्ड होत असल्यासारखी श्वास रोखून, न हलता उभी राहिले. साधारण अर्ध्या मिनिटानं फोन बंद झाला.

आठ दिवसांनी अक्का गेल्याचं त्यांच्या मुलानं कळवलं. आई शेवटी शेवटी फोन लावून नुसती ऐकत बसायची, म्हणाला. माणसं पलीकडून काहीबाही बोलत राहायची, तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

ती एक ओळ राहिलीच होती. डायरेक्टर दुसरी मुलगी बोलावणार होता. ती यायच्या आदल्या दिवशी सगळे जेवायला खाली गेले, छापखाना थांबला, तेव्हा मी अक्कांची हाक पुन्हा पुन्हा वाजेल अशी लावली, रेकॉर्डिंग चालू केलं आणि बूथमध्ये जाऊन हेडफोन चढवले. अक्कांची हाक आली. मी ती तीनदा पूर्ण ऐकली. तिच्यामागून त्या दिवशीचा रूम टोन येत होता. घरघरणारा श्वास अक्कांचा. मग दुसरा आला, वर चढला, ओठांपर्यंत येऊन थांबला. माइकच्या इतक्या जवळ मी कधी उभी राहिले नव्हते. माझ्या नाकातून तोच श्वास, त्याच ठिकाणी अडकत, बाहेर पडत होता. त्या दिवशी मी काचेपलीकडे टेबलापाशी होते आणि माझा माइक बंद होता. मी काचेतून पाहिलं. माझी खुर्ची रिकामी होती, टेबलावरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू होता.

श्वास पुन्हा वर चढला. या वेळी मी तो गिळला नाही.

“मी ऐकतेय, अक्का,” मी म्हणाले. “बोला.”