काळो कातळ लागलो

मिठबावच्या यशोदाच्या परसात आजवर पाण्यासाठी तीन बोरी मारल्या, तिन्ही कोरड्या गेल्या. तरी वाडीत कुठेही बोरगाडी आली, की ती हातातलं काम टाकून बघायला धावायची. घरघर सुरू झाली, की बाकीच्या बायका पदर नाकाला लावून मागे सरत आणि ही पुढे. आधी जांभ्याची लाल भुकटी उडायची, मग पिवळी, मग पांढरट चिकट माती. आपण रोज चालतो त्याच्या खाली एवढे रंग आहेत, याचंच तिला अप्रूप. घरी परतायची ती भुवयांपर्यंत लाल होऊन.

अशा बाईला सून मिळाली, ती समुद्राच्या तळाला भोक पाडणारी.

नम्रता भूगर्भशास्त्र शिकलेली, गोव्यातल्या एका संस्थेत कामाला. या हिवाळ्यात अरबी समुद्रात खोदकाम करणाऱ्या जहाजावर तिला बोलावणं आलं. दोन महिने बाहेर. तिच्या नवऱ्याचं, ओंकारचं तोंड उतरलं. "आपली लेक रिया चारच वर्सांची. आंब्याच्या कलमांक मोहोर इलोहा. ह्या दिसांत जातलंस?"

"रियाक मी बगतंय, मोहोर तू बग," यशोदा म्हणाली.

"बरा. पण हाताक काय लागला नाय, तर परत जहाजाचा नाव काढूचा नाय."

"कबूल," सुनेच्या आधी सासूच बोलून गेली. मग नम्रतालाही मान हलवावी लागली.

शेजारची जाऊ शेवंती मधल्या दगडी गडग्यावरून डोकावली. "काय गो, समुद्रात बोर मारतत म्हणे? पाणी लागला तर सांग हां!"

वाडी आठवडाभर हसली. यशोदाही हसली, पण तिचं लक्ष फोनकडे. नम्रता जहाजावरून सांगायची ते ती कान टवकारून ऐके. पाण्यातून कोसभर खोल नळ सोडतात, तो तळाच्या चिखलात घुसतो, वर येताना चिखल दांड्यासारखा अख्खाच्या अख्खा घेऊन येतो. तो उभा चिरला, की थर दिसतात. हजार वर्षांत जेमतेम बोटभर चिखल साठतो. त्यात रव्याच्या दाण्याएवढे शिंपले. त्यांवरून कळतं, कोणत्या काळात पाऊस भरपूर होता, कोणत्या काळात रुसला होता.

शेवंतीला हे पटेना. तेव्हा यशोदाने पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडला आणि विहिरीजवळच्या ओल्या जमिनीत दाबला. हळूच उपटून विळीवर उभा चिरला. आत वर काळा गाळ, मधे न्हाणीच्या चुलीची राख, खाली लाल माती.

"ही राख गेल्या शिमग्याआधीची. खालची माती आपण लग्न होऊन इलंव तेव्हाची."

"तुझा डोक्या फिरलाहा," शेवंती म्हणाली, पण देठ हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली.

दिवस सरत आले. नम्रताचा आवाज बारीक होऊ लागला. "आई, आजून चिखलच येता. चिखलाच्या तळापर्यंत गेल्याशिवाय खरा काम होवचा नाय. आंगणेवाडीच्या जत्रेआधी जहाज परत फिरतला."

यशोदा घरासमोरच्या खळ्यातच बसू लागली, तिथे रेंज येते म्हणून. एके दुपारी नारळ खवताना फोन वाजला. नम्रताचा निरोप होता:

"आई, काळो कातळ लागलो. मगे फोन करतंय."

यशोदाचे हात थांबले. तिच्या तिन्ही बोरी याच शब्दांवर संपल्या होत्या. काळो कातळ लागलो, असं सांगून गाडीवाला हात पुसायचा, रॉड गोळा करायचा आणि जेवून निघून जायचा.

"काय झाला गो?" गडग्यावरून शेवंती.

"कातळ लागलो."

शेवंतीच्या तोंडात टोमणा तयार होता, तो तिने गिळला. "रवांदे. पोराक काय बोलू नको."

ओंकार बागेतून आला. त्याने पाठीवरचा पंप उतरवायच्या आतच यशोदा पुढे झाली. "नम्रताक एक शब्द बोललंस तर बग. माझ्या परसात तीनदा कातळ लागलो, मी काय जीव दिलंय?"

इतक्यात फोन आला. पडद्यावर नम्रता, मागे टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी डबा बडवत होतं.

"आई! कातळ!"

"रडू नको बाय. नशिबात नाय तर..."

"रडतंय खंय? कातळासाठीच तर इल्लंव आमी!" नम्रताने एक काळा गोल दांडा पुढे धरला, मधोमध पांढरी रेघ. "चिखल संपलो आई! हो समुद्राचो तळ. जमीन फाटान समुद्र झालो, तेव्हा पोटातसून वर इललो रस हो. थंड होवन असो झालो. कोणी आजपर्यंत बघूक नाय, आमी पयले!"

यशोदाने पदराने पडदा पुसला. पुन्हा पुसला. "अगो, हो तर आपल्या परसातल्यासारखोच!"

"तोय तसल्याच रसाचो, आई!"

ओंकार आईच्या खांद्यावरून बघत होता. घसा खाकरून म्हणाला, "पुढची खेप कधी? मोहोराच्या दिसांत नको, एवढाच बग."

पलीकडून नम्रता आनंदाने किंचाळली. यशोदा मात्र खळ्यात नव्हतीच. फोन ओंकारच्या हातात देऊन ती गडग्यावर चढली होती.

"शेवंती गो! कातळ लागलो!"

"मगाशीच सांगलंस ता!"

"ता रडान सांगलंय. आता परत आयक!"