धुलाईखात्यातल्या जावा

हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात धाकट्या जावेला थोरलीनेच चिकटवलं होतं. मळक्या चादरी कशा उलगडायच्या, आत राहिलेली सुई टोचू नये म्हणून कुठे धरायचं, सगळं तिनेच शिकवलं. दुपारचा डबाही दोघींचा एकच असायचा.

मग विद्यापीठातली एक बाई आली. माणसं कशी राहतात, एकमेकांशी कशी वागतात, याचा अभ्यास करणारी. वर्षभर ती यंत्रांच्या घरघरीत त्यांच्याशेजारी बसली. थोरलीने विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं. परक्या माणसापुढे घरचं काय उघडं करायचं? धाकटी मात्र भडाभडा बोलली. लिफ्टमध्ये लोक नाक दाबतात, घरी गेल्यावर स्वतःची पोरगी आधी हुंगते आणि मग जवळ येते, हेसुद्धा.

बाईचं पुस्तक निघालं. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी ते वाचलं आणि धुलाईखात्याला लागून गरम पाण्याची न्हाणीघरं बांधून दिली. फीत धाकटीच्या हस्ते कापली. तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते लागलंच. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, आमची धाकटी पुस्तकात आहे. त्या वेळी थोरलीच्या हातची भांडी जरा जोरातच आपटायची. न्हाणीघरात तिने पाऊल टाकलं नाही. घामेजलेली, औषधांचा वास मारत तशीच घरी यायची. आधी डबा वेगळा झाला, मग बोलणं तुटलं.

काही वर्षांनी विद्यापीठाने दुसरी एक मुलगी धाडली. त्या संशोधनामुळे पुस्तकाबाहेर कुणाचं काय भलं झालं, ते तिला तपासायचं होतं. धाकटीने कौतुकाने न्हाणीघर दाखवलं, नळ सोडून पाण्याची वाफही दाखवली. मग मुलगी थोरलीकडे वळली. तुमच्यासाठी काय बदललं, म्हणाली.

काहीच नाही, असं सांगायचं थोरलीने ठरवलं होतं. पण मुलगी वाट बघत गप्प बसून राहिली आणि थोरलीचा बांध फुटला.

"मला एक जाऊ होती, ती गेली," ती म्हणाली. "हिला कामाला लावलं मी, आणि नाव झालं हिचं. जळते मी हिच्यावर. लिहा हे. न्हाणीघराच्या आधी लिहा."

धाकटी दारातच उभी होती. ती आत निघून गेली.

अहवाल आला तेव्हा थोरलीचं बोलणं पानभर होतं आणि न्हाणीघराला जेमतेम चार ओळी. संशोधनाने माणसांत वितुष्टही येतं, हे कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं म्हणे. विद्यापीठाने तिला बोलायला बोलावलं, न्यायला गाडी पाठवली. थोरली ठेवणीतले कपडे घालून गेली. तो दिवस धाकटीने तोंड पाडून यंत्रं भरण्यात घालवला.

दुसऱ्या दिवशी चादरी पिळता पिळता ती आपणहून बोलली. कितीतरी काळाने.

"ताई, गाडीत तुम्हाला पुढे बसवलं की मागे?"

आवाजातली जळजळ थोरलीने बरोबर ओळखली. तिला फार बरं वाटलं.

"पुढे," ती म्हणाली. बसवलं होतं मागेच.