विसरण

सातवीच्या चाचणीत प्रश्न आला, विसरण म्हणजे काय? मी ठोकून दिलं, ‘रेणूंनी आपली जागा विसरून भलतीकडे जाणे.’ सरांनी ते अख्ख्या वर्गाला वाचून दाखवलं आणि भोपळा दिला. खरा अर्थ पसरण्याचा. उदबत्ती लावली की वासाचे रेणू दाटीतून मोकळ्या जागेत पसरतात, ते विसरण. आता शब्द घडवणाऱ्या शहाण्याला ‘पसरण’ सुचलं नाही, यात माझा काय दोष? पुढे मीच पारनेरला विज्ञानाचा मास्तर झालो. दरवर्षी एखादा पठ्ठ्या तेच उत्तर लिहितो आणि मी मोठ्या समाधानाने त्याला भोपळा देतो.

वडील नागापूरला एका वर्कशॉपात रंग मारायचे. संध्याकाळी त्यांच्या आधी थिनरचा वास दारात यायचा आणि आई चहा टाकायची. मी तिला शिकवायला गेलो, “आई, याला विसरण म्हणतात.”

“इसरन कसलं, मेल्या? उलट ध्यानात येतंय, चहा टाकायचा हाय.”

गेल्या वर्षी वडील गेले, शेवटपर्यंत रंगकाम करत. आईने त्यांचा कामावरचा शर्ट न धुता प्लास्टिकच्या पिशवीत घातला, घट्ट गाठ मारली आणि कपाटात ठेवला. कधीमधी गाठ सोडायची, नाक खुपसायची, पुन्हा बांधायची. दिवाळीच्या साफसफाईत मला हुशारी सुचली. कपाट कोंदट झालंय म्हणून तो शर्ट मी दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकला. धुतला नाही, एवढं श्रेय तरी मला द्या!

आईने शर्ट नाकाला लावला. पुन्हा लावला. मग म्हणाली, “इसरला रं ह्यो. समदं इसरला.”

वीस वर्षं हा धडा शिकवणाऱ्या माणसाची अक्कल कुठे शेण खायला गेली होती? लाज वाटली. दुसऱ्या दिवशी रंगाच्या दुकानातून थिनरची बाटली आणली, कॉलरला चार थेंब लावले आणि शर्ट गुपचूप पिशवीत ठेवला. संध्याकाळी तिने गाठ सोडली. माझ्याकडे पाहिलं.

“ह्यो दुकानातला वास हाय. ह्याच्यात तुझा बाप न्हाई.”

मी जायला निघालो. तिने पिशवीला पुन्हा गाठ मारली, तेवढीच घट्ट, आणि उठली.

“बस. वास आलाय, तर चहा टाकते.”