रथकाराच्या अंगणातला घोडा

माझा धाकटा भाऊ तृक्ष आमच्या गावचा रथकार. हाताचा कसबी, पण कौतुकाचा भारी भुकेला.

राजाने अश्वमेधाचा घोडा मोकळा सोडला होता. वर्षभर त्याने वाटेल तिकडे फिरायचं, शंभर राजपुत्रांनी भाले घेऊन मागून चालायचं, मुक्काम रथकाराच्या घरी. त्याला हाकायचं नाही, बांधायचं नाही. घोडीजवळ आणि पाण्यात तेवढं जाऊ द्यायचं नाही. वर्ष भरलं की बळी. असा पाहुणा आज येतो, उद्या जातो. आमच्या शहाण्याने पहिल्याच दिवशी त्याला तुपात कालवलेले जव हाताने भरवले. लळा लावू नकोस म्हणून मी बजावलं होतं. पण माझं ऐकेल तर तृक्ष कसला!

घोडा हललाच नाही. पंधरा दिवसांत अंगण लिदीने भरलं, कोठार रिकामं झालं. त्यात दृषद्वती नदीपलीकडून निरोप आला की, तृक्षाच्या एकुलत्या लेकीचे, अरुषीचे, दिवस भरलेत आणि अंगावर सूज आहे. आईविना वाढलेली पोर. बाळंतपणाला उशाशी बसेन, असा तृक्षाने तिला शब्द दिला होता.

तो तडक निघाला, मीही सोबत. घोडाही त्याच्यामागे निघाला. नदीवर तृक्षाने पाण्यात पाय टाकला, तसा घोड्यानेही खूर उचलला. लगेच भाले आडवे आले.

"तू उतरलास तर हा उतरेल," राजपुत्रांचा म्होरक्या म्हणाला. "मागे फीर."

"माझी लेक अडलीय हो."

"ते घोड्याला सांग."

तृक्षाने घोड्याला ढकललं, शिव्या दिल्या, शेवटी त्याच्याच गळ्यात पडून रडला. घोडा त्याचा तळहात चाटत राहिला. मला त्या मुक्या जनावराचाही राग आला.

तृक्ष होडीत बसला असता तरी घोडा मागोमाग पाण्यात उतरलाच असता, म्हणून मग होडीने मीच गेले. अरुषीला मुलगी झाली होती, पण ती स्वतः तापाने फणफणत होती. तिने माझ्यामागे दाराकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं.

"घोडा मोकळा आहे ना, आत्या?" ती म्हणाली. "मग बाबाला कुणी बांधलंय?"

तिसऱ्या दिवशी ती गेली.

तान्ह्या पोरीला घेऊन परतले, तर अंगण रिकामं. घोड्याला हाकायचं नाही असा नियम. त्याच्यापुढे कुणी चालायचं नाही, असा नाही. राजपुत्रांनी तृक्षाला पुढे घालून उत्तरेची वाट धरली होती. वर्ष भरायला अजून सात महिने आहेत. अरुषी गेल्याचं तृक्षाला अजून कुणी सांगितलेलं नाही.